फोटो काढला, पण विचारलं काय?

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीनं मला बरोबर जेवणाच्या आधीची वेळ दिली आहे. भाषण लांबू नये म्हणून याहून चांगली युक्ती नाही. अळूवडीचा वास मलाही येतोय.

मी खरं तर निवृत्तीच्या नियोजनावर बोलणार होतो. पण गेल्या रविवारी आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर भांडण झालं आणि ते डोक्यातून जाईना. निमित्त झालं बॉब मेनेंडेझ यांचं. माझे वडील सध्या भारतातून आलेत. त्यांना मी आपल्या न्यू जर्सीच्या या माजी सिनेटरसाहेबांची कथा रंगवून सांगत होतो. जून 2022मध्ये एफबीआयनं इंगलवुड क्लिफ्सच्या घरावर धाड घातली. 4 लाख 80 हजार डॉलरहून जास्त रोकड सापडली; पाकिटांत, कपाटांत, त्यांचंच नाव असलेल्या जॅकेटांच्या खिशांत. वर सोन्याच्या लगडी. एक किलो सोन्याचा भाव काय, हे त्यांनी इंटरनेटवर शोधल्याचंही लाचखोरीच्या आरोपपत्रात होतं.

"भाव तर मी रोज बघते," आई म्हणाली.

अण्णा म्हणाले, "रोकड घरात ठेवली तर बिघडलं काय? तुझी आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची." मेनेंडेझ यांचा बचावही साधारण आजीसारखाच होता: क्यूबातून आलेलं कुटुंब, बँकेवर भरवसा नाही. ज्युरीला तो पटला नाही. जुलै 2024मध्ये सगळ्या 16 आरोपांत दोषी, जानेवारी 2025मध्ये 11 वर्षांची शिक्षा. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा अण्णा, जाब विचारणं म्हणतात ते हे. आपल्याकडे असते तर पक्ष बदलून मंत्री झाले असते."

तेवढ्यात फोनमध्ये बुडालेली माझी मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाबा, फ्रिजवर तुझा एका पुढाऱ्याबरोबरचा फोटो आहे ना, त्याला तू काय विचारलं होतंस?"

पुढारी कोण ते सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या फ्रिजवर तोच आहे. मी विचारलं होतं, "पार्किंग मिळालं ना?"

आपण पुढाऱ्यांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, ते "नमस्ते" म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो आणि ते नारळ इथंच विसरून जातात. मालमत्ता कराबद्दल, व्हिसाच्या रांगेबद्दल, शाळेच्या बजेटबद्दल एक प्रश्न? छे! पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल.

पोरगी तिथं थांबली नाही. "पहिली केस झाल्यावरही 2018मध्ये तो निवडून आला. कसा?" इथं मी जरा सावरलो, कारण उत्तर माहीत होतं. त्यांच्यावरची लाचेची पहिली केस 2015ची. मधे 2016मध्ये व्हर्जिनियाच्या माजी गव्हर्नरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की नुसती कुणाची भेट घालून देणं, फोन करणं हे लाचेच्या कायद्यात बसणारं 'अधिकृत काम' नव्हे. तेव्हापासून असे खटले सिद्ध करणं फार अवघड झालं. 2017मध्ये मेनेंडेझ यांच्या ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे सरकारनं खटला सोडून दिला. 2018च्या नोव्हेंबरमध्ये आपल्यातल्या अनेकांनी त्यांना मत दिलं, मीही दिलं. समोरचा पर्याय पटत नव्हता आणि आजही मला ते कारण खोटं वाटत नाही.

पण त्याआधी जूनमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली होती. फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या प्रतिस्पर्धी बाईंना त्यात जवळपास 38 टक्के मतं पडली. म्हणजे विचारणारे होते. आपण त्या दिवशी कुठं होतो? बहुधा मुंबईच्या विमानाची तिकिटं बघत.

आणि ती मतपत्रिका! 21 पैकी 19 काउंट्यांत पक्षाच्या पसंतीचे उमेदवार एका ठळक ओळीत मांडायचे, बाकीचे कुठंतरी कोपऱ्यात. इतकी वर्षं आपण ती ओळ बघितली आणि छपाईची पद्धत असेल म्हणून सोडून दिली. मेनेंडेझ यांच्या जागेसाठी उभे राहिलेल्या अँडी किम यांनी फेब्रुवारी 2024मध्ये तिच्याविरुद्ध दावा लावला. 29 मार्चला न्यायाधीश कुरेशींनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ थांबवली. किम आज सिनेटमध्ये आहेत. मला विचाराल तर मेनेंडेझ यांच्या शिक्षेपेक्षा हा निकाल मोठा. पण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा कशाची होती? आंबे कुठल्या दुकानात आलेत.

टीव्हीवाल्यांचंही तसंच. आपल्या मंडळात दोन चॅनेलांची दोन घराणी आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. सहलीला बसमध्येही ती वेगळी बसतात. एप्रिल 2023मध्ये फॉक्सनं डॉमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीला बदनामीच्या दाव्यात 78 कोटी 75 लाख डॉलर मोजले. टर्नपाइक संपून पूल ओलांडला की विल्मिंग्टन, तिथं खटला उभा राहणार त्याच दिवशी तडजोड झाली. 2020च्या निवडणुकीत घोटाळा झाल्याचं पडद्यावर जे चाललं होतं त्यावर आतल्या अनेकांचाच विश्वास नव्हता, हे त्यांच्या मेसेजांतून बाहेर आलं होतं. पण पडद्यावर माफी मागायला लागली नाही. दुसऱ्या घराण्यानं फार हसू नये. भावाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांना, पडद्यामागून मदत केली म्हणून सीएनएननं 2021मध्ये आपले निवेदक ख्रिस कुओमोंना काढलं. त्यांना दुसऱ्या चॅनेलवर खुर्ची मिळाली.

मग बदनामीचा कायदा आणखी कडक करा, असं अण्णांचं मत. मी त्याच्या विरोधात आहे. सुप्रीम कोर्टाचा 1964चा सलिव्हन निकाल आहे म्हणून अलाबामातल्या अधिकाऱ्यांना बदनामीचे दावे लावून वर्तमानपत्रं चेपता आली नाहीत. उद्या तोच दावा आपल्या गावातल्या छोट्या पत्रकारावर येईल.

तो पत्रकार उरला असेल तर. काँग्रेसवर निवडून आलेल्या जॉर्ज सँटोसची थापेबाजी लाँग आयलंडच्या एका छोट्या साप्ताहिकानं 2022च्या निवडणुकीआधीच लिहिली होती. मोठ्यांना जाग आली ती निवडणुकीनंतर, डिसेंबरमध्ये. आपल्याकडे काय उरलंय? जर्सी जर्नल हे वर्तमानपत्र 157 वर्षांनी फेब्रुवारी 2025मध्ये बंद पडलं, त्याच महिन्यात स्टार-लेजरचा छापील अंकही थांबला. सरकारी कागद मागण्याचा कायदा 2024मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून बदलला. कागद अडवला आणि तुम्ही कोर्टात जिंकलात, तरी वकिलाचा खर्च आता पूर्वीसारखा हमखास मिळत नाही. हडसन काउंटीच्या बैठकीत मागच्या बाकावर वही घेऊन आज कोण बसतं?

हे भाषण वेबसाइटवर जाणार आहे. मसुदा वाचून आपल्या समितीतला एक मित्र म्हणाला, "माझं ग्रीन कार्ड अजून यायचंय. पहिल्या रांगेतला माझा फोटो या भाषणासोबत लावू नका." फोटो काढून टाकला आहे. त्याला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. सध्याचे दिवस बघता त्याच्या जागी मीही तेच सांगितलं असतं. पण माझ्याकडे अमेरिकेचा निळा पासपोर्ट येऊन बरीच वर्षं झाली. तरी हे लिहिताना दोन वाक्यं मीही गाळली आहेत, आणि कुणाच्या भीतीनं गाळली ते मला नीट सांगता येत नाही.