कोकराचं वजन नेमकं कुणाचं?

पैदाशीसाठी नर निवडायचा म्हटलं की आपली नजर सगळ्यात वजनदार कोकरावर जाते. साहजिक आहे ते. पण त्या वजनात वाटेकरी बरेच असतात. कोकरू एकटं जन्मलं की जुळ्यातलं? आई पहिलटकरीण होती की दोन-तीन वेतं झालेली? तिला दूध किती? दूध तुटेपर्यंतच्या वजनात तर आईचा हात फार मोठा. कळपातल्या कोकरांच्या वजनांत त्या वेळी जो फरक दिसतो, त्यातला बहुतेक अभ्यासांत दहा ते तीस टक्केच भाग कोकराच्या स्वतःच्या जनुकांकडे जातो.

हिशेब करून बघा. हा भाग २० टक्के धरा. निवडलेला नर सरासरीपेक्षा ४ किलो जड आणि माद्या सरासरीच्याच, तर पुढच्या पिढीत वाढ मिळते ४०० ग्रॅमची. बापाचा वाटा निम्माच ना! म्हणून एका वजनावर न जाता भावंडांची, संततीची वजनं पाहून पैदासमूल्य काढतात, म्हणजे जनावर आपल्या जनुकांतून पुढच्या पिढीला किती देईल याचा अंदाज.

आता जनुकांकडे येऊ. टेक्सेल या मेंढ्यांच्या जातीच्या मांसलपणामागे मायोस्टॅटिन या जनुकातला एक बदल आहे. या जनुकापासून बनणारं मायोस्टॅटिन प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. गंमत अशी, की या बदलाने प्रथिनाची रचना बदलत नाही. ते तयारच कमी होतं.

त्याहून चक्रावणारी गोष्ट कॅलिपीज मेंढ्यांची. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मागचा भाग विलक्षण भरलेला एक नर आढळला. बदल आहे अठराव्या गुणसूत्रावर. तो बापाकडून आला आणि आईकडून साधी प्रत आली, तरच पुठ्ठे भरतात. आईकडून आला तर काही दिसत नाही. दोघांकडून आला, तरीही नाही! म्हणजे साधा दिसणारा नरही हा बदल पुढे देऊ शकतो. शिवाय पाठीचं मांस चिवट निघतं, त्यामुळे पैदासकारांचा उत्साह मावळला.

अशी एकट्याने मोठा फरक पाडणारी जनुकं मोजकीच. वाढ ही एरवी शेकडो जनुकांची किरकोळ-किरकोळ बेरीज असते. म्हणून दीडशे-दोनशे मेंढ्या तपासून ‘अमुक जनुकाचं तमुक रूप असलेली कोकरं जड’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, यांचे बाप किती? निम्मी कोकरं एकाच नराची असतील, तर त्या रूपासोबत त्या नराची बाकी सगळी जनुकंही आली. श्रेय कुणाला द्यायचं? दुसऱ्या, वेगळ्या कळपात तोच निकाल येईपर्यंत मी त्यावर नर निवडणार नाही.

आणि निवड नीट साधली तरी एक धोका राहतोच. पुढचं वजन आणि जन्मवजन यांची काही जनुकं सामाईक असतात. वर्षाचं वजन वाढवत नेलं, की कोकरं जन्मतःच मोठी होऊ लागतात आणि मेंढ्या विताना अडतात. निवड-निर्देशांकात, म्हणजे अनेक गुण एकत्र धरून काढलेल्या निवडीच्या आकड्यात, जन्मवजनाला वेगळा लगाम घालतात तो यासाठीच.