डोहातला उन्हाळा

सप्टेंबर महिना. कॅलिफोर्नियातलं बर्कले शहर. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. एप्रिल सरला की पुढचे पाच-सहा महिने आभाळ कोरडं.

हा कोडोर्निसेस ओढा. बर्कलेच्या टेकड्यांतून निघतो आणि परसांतून, बागांतून, मोऱ्यांखालून वाट काढत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतो.

हा डोह बघा. खाटेएवढा लांब, जेमतेम गुडघाभर पाणी. आता त्या मुळांखाली नजर ठेवा.

हलला! बोटाएवढा ट्राउट मासा. अंगठे उमटवावेत तसे कुशीवर काळसर ठसे. ही जात मूळची इथलीच.

डोहाच्या वरचा खळाळ आटलाय, खालचाही. पाऊस येईपर्यंत याचं जग एवढंच. पण ओढा मेलेला नाही. टेकडीत मुरलेलं पाणी गोट्यांखालून पाझरत येतं आणि डोह गार ठेवतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. २५ अंशांच्या आसपास ट्राउट तग धरत नाही. वाहत येणारे किडेही आता थोडेच, म्हणून तो उगाच पोहत नाही. अंग चोरून सावलीत थांबतो.

ही सावली मात्र आयती मिळालेली नाही. आठव्या आणि नवव्या रस्त्यांच्या मधला हा तुकडा पूर्वी पाइपात गाडलेला होता. १९९०च्या दशकात पाइप उखडला, ओढ्याला पुन्हा वळणं दिली, काठावर विलोच्या फांद्या खोचल्या. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. ओल मिळाली की खोचलेल्या फांदीलाच मुळं फुटतात. तीच मुळं काठ धरून ठेवतात, त्यांच्याच खाली पाणी कपारी कोरतं. आपला मासा लपलाय तो अशाच एका कपारीत. हे काम दर शहरात व्हायला हवं, आणि कुदळ-फावड्यानेही सुरू करता येतं.

गटारात ओतलेलं साबणपाणी किंवा फुटलेल्या नळाचं क्लोरीनचं पाणी इथवर आलं, तर एका दुपारीत डोह रिकामा होतो.

याच जातीचे काही मासे समुद्रात जातात, मोठे होऊन अंडी घालायला परततात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. इथल्या किनाऱ्यावरचे स्टीलहेड १९९७पासून संकटग्रस्त यादीत आहेत.

ऊन उतरलंय. पानावरून एक किडा पाण्यात पडला.

बघा.