पाने कापणाऱ्या मुंग्यांचा प्रदेश

पडद्यावर सरकणारी ही हिरवी रांग म्हणजे पानांचे तुकडे जबड्यात उंच धरून वारुळाकडे निघालेल्या कामकरी मुंग्या आहेत. कापताना पाझरणारा रस त्या पितात; पण अळ्यांचे पोषण होते ते वारुळात याच पानांच्या लगद्यावर वाढवलेल्या बुरशीवर. हा तर्क इंग्रज निसर्ग-अभ्यासक थॉमस बेल्ट यांनी निकाराग्वातील निरीक्षणांवरून १८७४ साली मांडला. या मुंग्या कोठे राहू शकतात, हे ठरवण्यात त्या बुरशीचा वाटा मोठा आहे.

नैसर्गिकरीत्या त्या केवळ अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व लगतच्या काही बेटांवर आढळतात. उत्तरेला टेक्सास आणि लुइझियानापर्यंत पोहोचलेली ‘अट्टा टेक्साना’ ही जात हिवाळ्यात बुरशीचे मळे जमिनीत अधिक खोल हलवते, आणि तेथील बुरशीही दक्षिणेकडच्या बुरशीपेक्षा थंडी अधिक सोसते. दक्षिणेला या मुंग्या अर्जेंटिनातील पॅटागोनियापर्यंत जातात.

या मुंग्यांच्या ‘अट्टा’ प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, १५ ते २० जाती मानल्या जातात, तर ‘अ‍ॅक्रोमिर्मेक्स’मध्ये ३० हून अधिक. कामकरी मुंगीच्या वक्षावर काट्यांच्या तीन जोड्या असतील तर ती सहसा अट्टा, आणि चार असतील तर अ‍ॅक्रोमिर्मेक्स, अशी ढोबळ ओळख सांगता येते. २०२० साली तीन जाती अ‍ॅक्रोमिर्मेक्समधून वेगळ्या काढून ‘अमोइमिर्मेक्स’ ही नवी प्रजाती मांडण्यात आली, त्यामुळे जुन्या याद्या जपूनच वाचाव्या लागतात.

या मुंग्यांचे चित्रण करणारे कॅमेरे बहुधा घनदाट वर्षावनात शिरतात, आणि आमचाही कॅमेरा तेथूनच निघाला. पण अ‍ॅक्रोमिर्मेक्सच्या जातींची सर्वाधिक विविधता पाहायची, तर दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातील उपोष्ण प्रदेशाकडे वळावे लागते. तेथील चाको प्रदेशात ‘अट्टा व्होलेनवायडेरी’ झाडांच्या पानांऐवजी गवताची पाती कापते. दुसऱ्या टोकाला, अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोराच्या वाळवंटात ‘अ‍ॅक्रोमिर्मेक्स व्हर्सिकलर’ तग धरून आहे. ‘अट्टा इन्सुलारिस’ मात्र फक्त क्युबात आढळते.

मीलनासाठी उडताना तरुण राणी मुखातील छोट्या पिशवीत बुरशीची गोळी घेऊन निघते आणि जेथे उतरते तेथे त्या गोळीपासून नवा मळा सुरू करते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर ‘अ‍ॅक्रोमिर्मेक्स ऑक्टोस्पिनोसस’ ही बाहेरून आलेली जात १९५४ साली प्रथम नोंदवली गेली, आणि पुढे तेथील शेतीला तिचा उपद्रव होऊ लागला.