मडगार्ड तेवढं जुनंच

(दृश्य: पावसानं भिजलेली तांबडी वाट. लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा.)

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला हा वाडा. चिऱ्यांच्या गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पंधरा दिवसांवर आली होती, तेव्हा इथंच रिव्हर्स येणाऱ्या पिकअपच्या चाकाखाली एक सायकल सापडली. वीस इंची, चौथीतल्या मुलीची. मुलगी त्या वेळी शेजारच्या घरी पाणी प्यायला गेली होती. नशीब, दुसरं काय!

पिकअपवाला म्हणाला, वाट गाड्यांची आहे, सायकल आडवी टाकायची जागा नव्हे. मुलीचे बाबा म्हणाले, मागे बघून गाडी घ्यायला काय झालं होतं? दोघांचंही खरं होतं, आणि घोडं तिथंच अडलं. संध्याकाळी पिकअपवाला नव्या सायकलीचे पैसे घेऊन आला. पैसे पायरीवर ठेवले, तोंडातून मात्र शब्द नाही. ‘आम्ही काय भीक मागितली?’ म्हणत बाबांनी ते परत केले. मग पोलिसांचं नाव निघालं.

कायद्यापुरतं सांगायचं, तर 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या नुकसानीचं कलम 324 आहे. पण त्याला हेतू किंवा जाणीव लागते. निव्वळ चुकून मोडलेल्या चाकाला ते लागत नाही. उरतो तो भरपाईचा प्रश्न, आणि तो सोप्यावर बसूनही सुटतो.

(दृश्य: कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. पोफळींवर पिकू लागलेले घड.)

खरी पंचाईत वेगळीच होती. दर चवथीला मुलीच्या घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीला, सुपारीचे घड याच पिकअपवाल्याच्या कुळागरातून येतात. यंदा मागायचे कुणी?

चार दिवस सगळे भांडले, सायकल मात्र कुणी उचलून पाहिली नाही. पाहिली ती सकाळच्या पोदेरानं. पावाची पाटी लादून रोज सायकल हाकणारा माणूस तो. चाक फिरवून म्हणाला, ‘रीम गेली. चिमटो बरो आसा.’ म्हणजे चाक धरणारा चिमटा शाबूत.

त्यावर समोरच्या आजींनी दोघांना सोप्यावर बोलावलं. चूक कुणाची हे विचारलंच नाही. आधी मुलीला विचारलं, ‘तुला काय हवं गो?’

‘माझीच सायकल.’

नवी नको होती तिला! चार दिवसांत हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग पिकअपवाला मुलीकडे बघून म्हणाला, ‘मी मागे बघितलं नाही, बाय.’ बाबांनी खाली बघत सांगितलं, सायकल वाटेवर राहिली ती आमचीच चूक. आजी आत चहा ठेवायला गेल्या.

(दृश्य: फोंड्यातलं सायकलचं दुकान.)

रीमचे पैसे पिकअपवाल्यानं दिले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुकानात तो मुलीबरोबर स्वतः बसून राहिला. जुन्या हबवर नवी रीम चढवायची म्हणजे एकेक स्पोक ओवायचा, मग चावीनं एका बाजूचा आवळायचा, दुसऱ्या बाजूचा सैल करायचा, चाक फिरवून आउट, म्हणजे चाकाची डगमग, बघायचा, आणि पुन्हा तेच. मेकॅनिकनं चेपलेलं मडगार्डही बदलायला काढलं. मुलीनं हात धरला. त्यावर तिचे स्टिकर होते.

(दृश्य: माटोळी. मधोमध सुपारीचे दोन घड.)

सायकल आता तुळशीवृंदावनाजवळ उभी असते. ते जुनं मडगार्ड टायरला घासतं, खर्र खर्र. पिकअप सुरू करण्याआधी तो काच खाली करतो आणि तो आवाज कुठून येतोय ते ऐकतो.