मोज्याची टाच

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'टाच कशी वळवावी'. टाचेकडे येतोच. पण झकास वळवलेली टाच महिन्याभरात फाटणार असेल तर उपयोग काय? म्हणून आधी लोकरीबद्दलची तक्रार.

भेट द्यायला मोजे विणायचे ठरले की लोकरीची गुंडी गालाला लावून पाहिली जाते. मऊ लागली, घेतली! मोजा गालावर घालायचा असता तर हरकत नव्हती. (हशा) मऊपणा येतो बारीक तंतू आणि सैल पीळ यांतून, आणि बुटात घासून आधी सुटतात ते हेच तंतू. गोळे येतात, मग टाचेखाली जाळी, मग भोक. मोज्याला घट्ट पिळाची, तीन-चार पदरी लोकर हवी: 75 टक्के लोकर, 25 टक्के नायलॉन. 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर धागा येतो, एका जोडीला पुरतो. नायलॉनचं नाव काढताच नाकं मुरडली जातात, इथेही दोन-तीन दिसताहेत. पण निव्वळ अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, आणि सुती धाग्याला ताण नसल्यानं मोजा घोट्यावर गोळा होतो. शिवाय भेटीची लोकर मशिनमध्ये धुता येणारीच घ्या. 'हातानं धुवा' अशी चिठ्ठी लावलीत तरी कोणी धुणार नाही. साधी लोकर मशिनमध्ये आटून थापली जाते, आणि मोजा घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे जातो.

आता माप. बुटाचा नंबर विचारून काही कळत नाही, चवड्याचा घेर हवा. घेर 22 सेंटिमीटर असेल तर मोजा 20चा करा, ताणूनच तो पायाला धरतो. सव्वादोन ते अडीच मिलिमीटरच्या सुयांवर 10 सेंटिमीटरला 32 टाके येत असतील, तर 64 टाके घाला. टाके मोजायला आधी जो छोटा नमुना विणता, तो मात्र गोलच विणा. सपाट विणलेल्यात उलट ओळींचा हात वेगळा पडतो आणि हिशोब चुकतो. टाके सैल घाला, नाहीतर मोजा टाचेवरून चढतच नाही.

चार सुयांवर 16-16 टाके, पाचवी विणायला. दोन सुलट, दोन उलट अशी 5 सेंटिमीटर पट्टी, पुढे नळी नुसती सुलट. हा भाग प्रवासाचा: नजर न लावता होतो, कुठेही थांबवता येतो. सुयांच्या सांध्यावर शिडी, म्हणजे सैल टाक्यांची उभी रेघ, पडते, कारण पहिलाच टाका ओढला जातो. दुसरा विणून झाल्यावर ओढा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. टाच! ही घरी बसून करायची. निम्म्या, म्हणजे 32 टाक्यांवर 32 ओळी: सुलट ओळीत एक टाका न विणता घ्या, एक विणा, उलट ओळीत फक्त पहिला न विणता. पट्टी दुहेरी जाड होते. मग वळण: 18 सुलट, दोन एकत्र, एक सुलट, काम उलटवा. पहिला न विणता, 5 उलट, दोन एकत्र, एक उलट, उलटवा. आता फट दिसते. दर ओळीत फटीच्या दोन्हीकडचे टाके एकत्र विणा, पुढे एक, उलटवा. शेवटी 18 उरतात. टाचेच्या पट्टीच्या कडांवरून 16-16 उचला, थांबवलेले 32 धरून एकूण 82. कोपऱ्यात भोक पडतं, तिथे एक जास्तीचा उचलून पुढच्या फेरीत शेजारच्यासह विणा. मग एकाआड एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक घट, नऊ वेळा: पुन्हा 64.

पुढे नुसतं सुलट. बोटांच्या टोकापर्यंत 5 सेंटिमीटर उरले की एकाआड एक फेरीत चार टाके घटवा, 32 झाल्यावर दर फेरीत, 16 उरले की सुईत तीच लोकर ओवून टाक्याला टाका जोडा. गाठ नको, बुटात टोचते. आणि ओळी कागदावर लिहून ठेवा. दुसरा मोजा टेपनं मोजून विणला तर जोडी जुळत नाही, कारण टेप लावताना विणकाम ताणलं जातं.