नव्या गावचं पाणी

(दृश्य: रिकामं घर, न उघडलेली खोकी. एका खोक्यावर किटली आणि कप.)

पडदे अजून लागायचेत. कपडे कुठल्या खोक्यात आहेत, ठाऊक नाही. पण किटली सापडली, आणि जुन्या शहरातून येताना घेतलेली कॉफीच्या बियांची पिशवीसुद्धा. माप नेहमीचं, दळण नेहमीचं. तरी पहिल्याच घोटाला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. या बियांना संत्र्यासारखा एक आंबटगोडपणा होता. तो गायब. कॉफी सपक, खडूसारखी.

बदललं होतं ते पाणी. काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, बायकार्बोनेट किती, यावर बियांतलं काय कपात उतरणार ते ठरतं. बायकार्बोनेट वाढलं की कॉफीतली आम्लं दबतात आणि चवीतली तरतरीच जाते. नव्या गावचं पाणी मानवायला वेळ लागतो, असं आपण म्हणतो. कॉफीला तर तो लागतोच.

मग मी या शहरात असं कुणीतरी शोधायचं ठरवलं, ज्याला इथलं पाणी कळलेलं आहे.

(दृश्य: सकाळचा रस्ता. अर्धवट उघडलेली शटर्स.)

फोनवरच्या नकाशात प्रत्येक कॅफेला तारे मिळालेले असतात. त्यातले पुष्कळसे खुर्च्यांना, दिव्यांना, भिंतीवरच्या वेलींना दिलेले असतात. मला पायी फिरणं जास्त भरवशाचं वाटतं. रोज कामावर जाताना एक गल्ली बदलायची. कामाला निघालेली माणसं उभ्या उभ्या कप रिकामा करून जिथून बाहेर पडतात, तिथे आत शिरायचं.

(दृश्य: काउंटर, अगदी जवळून. ग्राइंडर, वाफेची नळी, ओलं फडकं.)

आत गेल्यावर आधी काउंटरकडे बघा, मेनूकडे नंतर. पिशवीवर बिया भाजल्याची तारीख आहे का? भाजल्यानंतर बिया काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, आणि काही आठवड्यांनी त्यांचा सुगंध ओसरू लागतो. ज्याला आपल्या बियांची काळजी आहे, तो ही तारीख लपवत नाही. ग्राइंडरच्या भांड्यातल्या बिया तेलकट, चकचकीत दिसल्या, तर त्या फार गडद भाजलेल्या किंवा जुन्या असण्याची शक्यता जास्त.

आता ती वाफेची नळी. दूध तापवून झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसली पाहिजे आणि फस्सकन वाफ सोडून आतूनही साफ झाली पाहिजे. प्रत्येक वेळी, गर्दीतसुद्धा. नळीवर वाळलेल्या दुधाचा पिवळट थर दिसला की मी निमूटपणे बाहेर पडतो. दुधाचा आवाजही ऐका. सुरुवातीला कागद फाटल्यासारखी बारीक चरचर, मग जवळपास शांतता. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवलं तर त्याची गोडी टिकते. त्यापुढे नेलं की करपट वास यायला लागतो.

एस्प्रेसो साधारण ९ बार दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत उतरते. एका कॅफेत मी पाहिलं, धार भसाभस आली. काउंटरमागच्या मुलीने तो कप ओतून दिला, ग्राइंडर किंचित बारीक केला आणि पुन्हा सुरुवात केली. मागे पाच माणसं उभी होती. मी तिथेच बसलो.

पहिल्यांदा काळीच कॉफी मागवा. दुधाखाली बरंच काही झाकलं जातं. आणि ती थोडी निवू द्या. चांगली कॉफी कोमट झाल्यावर अधिक उलगडते.

(दृश्य: काउंटरवर कोपर टेकून चाललेलं बोलणं.)

मग विचारा, “सुट्टीच्या दिवशी तुम्ही कॉफी प्यायला कुठे जाता?” या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच नकाशावर नसतं, आणि ते देताना माणसं खुलतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात खलाशी, व्यापारी आणि जहाजमालक जमत, ते कॉफीइतकंच बातम्यांसाठी. जहाजविम्याचा मोठा बाजार तिथूनच उभा राहिला. मला एवढं मोठं काही नको होतं. मी त्या मुलीला माझ्या सपक कॉफीबद्दल सांगितलं.

ती म्हणाली, “पाणी जड आहे इथलं. आम्हीही सुरुवातीला हैराण झालो होतो.” तिने यंत्राखालचं दार उघडून पाण्याचा फिल्टर दाखवला, आणि माझी रिकामी बाटली त्या पाण्याने भरून दिली.

(दृश्य: संध्याकाळ. तेच खोकं, तीच किटली.)

घरी तेच माप घेतलं, पिशवीच्या तळाशी उरलेल्या त्याच बिया दळल्या, आणि पाणी बाटलीतलं. कप निवायची वाट पाहिली.

संत्रं परत आलं होतं.