रिकामी मेट्रो रोज धावतेय, मग आपल्याला का बसू देत नाहीत?

[कॅमेऱ्यासमोर, मागे बाल्कनी, लांबवर मेट्रोचा पूल]

नमस्कार मंडळी. मी राहते नवी मुंबईत, खारघरला. २०२१च्या पावसाळ्यात एकदा सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि समोरच्या पुलावरून चक्क मेट्रो गेली. हातातला टॉवेल तसाच राहिला. कारण तो पूल इतकी वर्षं नुसताच उभा होता की आमच्या सोसायटीतली पोरं पत्ता सांगताना 'मेट्रोच्या खालून डावीकडे' म्हणायची. त्यांच्या लेखी मेट्रो म्हणजे पूल. त्याच्यावरून काही धावतंही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, आता काय, दिवाळीत बेलापूरला मेट्रोने जायचं. दिवाळी आली, गेली. पुढचीही गेली. गाडी मात्र दिसायची. कधी दिवसा, कधी रात्री, आतले सगळे दिवे लावलेले आणि माणूस एक नाही. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "भुतं जातात का गं हिच्यातून कामाला?"

आज या भुतांच्या गाडीबद्दलच बोलायचंय. तुमच्याही शहरात 'ट्रायल रन यशस्वी' अशी बातमी येते, फुलांच्या माळा घातलेली गाडी दिसते, आणि मग महिनोन्‌महिने स्टेशनच्या जिन्याला कुलूप. होतं ना असं? तर यात दोन वेगळ्या वाट बघण्या मिसळलेल्या असतात. एक म्हणजे गाडी तपासून होण्याची वाट. तिला कितीही वेळ लागू दे, मी कुरकुर करणार नाही. दुसरी म्हणजे फीत कापायला मोठ्या माणसाची तारीख मिळण्याची वाट. तिच्यापायी मी अर्धा तास रिक्षाच्या रांगेत का उभं राहायचं? पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, रिकामी गाडी आणि बंद जिना. म्हणून आधी तपासणीत असतं काय ते बघू.

[पुलाचा क्लोजअप, वरची तार]

गाडी येण्याच्याही आधी येते जाहीर नोटीस. वर्तमानपत्रात एक चौकट छापून येते की अमुक तारखेपासून या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह सोडला जाईल, जवळ जाऊ नका. हे लोक वाचत नाहीत, आणि वाचायला हवं. आपल्या घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. संक्रांतीला पतंग तारेत अडकला आणि मांजा ओला किंवा धातूचा असला, तर झटका मांज्यावाटे हातापर्यंत येऊ शकतो. पुलाजवळच्या गच्चीवर पतंग नको, एवढं पोरांना नक्की सांगा.

मग पहिली गाडी. ती येते माणूस चालेल इतक्या वेगाने. सोबत माणसं असतात, आणि त्यांचं लक्ष असतं कडांवर. फलाटाची कड घासतेय का, खांबावरचा एखादा बोर्ड आड येतोय का. कागदावर सगळं बसत असतं हो. पण काँक्रीट ओतताना दोन बोटं इकडे तिकडे होतात, हे घर बांधलेल्या कुणालाही विचारा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वाळूची पोती. लखनौला आरडीएसओ नावाची रेल्वेची संशोधन संस्था आहे. तिची माणसं येऊन गाडी धावताना किती हेलकावे खाते ते मोजतात. डब्यात यंत्रं बसवायची आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा. हे रिकाम्या गाडीतही करतात आणि खचाखच भरलेल्याही. पण तपासल्याशिवाय माणसं भरता येत नाहीत, मग खचाखच करायची कशी? तर वाळूने.

हिशोब करू. एका प्रवाशाचं वजन साधारण ६५ किलो धरतात. हजार प्रवासी धरले तर झाले ६५ टन. २५ किलोचं एक पोतं म्हटलं तर २,६०० पोती. ती कुणीतरी उचलून आत ठेवायची, सीटवर, जमिनीवर, दारापाशी, माणसं जिथे उभी राहतील तिथे. चाचणी झाली की परत बाहेर. एवढ्या आधुनिक गाडीची परीक्षा शेवटी पाठीवरून वाहून आणलेल्या पोत्यांवर चालते, याची मला फार गंमत वाटते.

त्यानंतर ब्रेक. पूर्ण वेगात असताना करकचून ब्रेक मारायचा आणि गाडी किती मीटरवर थांबते ते मोजायचं. कोरड्या रुळांवर एकदा, आणि ओल्या रुळांवर पुन्हा. सिग्नलची तपासणी त्याहून लांबते, कारण तिथे मुद्दाम बिघाड करून बघावे लागतात. गाडी मधेच बंद पडली तर दुसरी गाडी तिला ढकलून नेते का? सिग्नलचा संपर्क तुटला तर गाडी आपणहून थांबते का? यंत्र चालतं हे दाखवायला एक दिवस पुरतो. ते बिघडल्यावर शहाण्यासारखं वागतं का, हे बघायला महिने जातात.

शेवटी येतात मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त. बातम्यांत 'सीएमआरएस' म्हणतात ते हेच. यांच्या तपासणीशिवाय नवी लाईन लोकांसाठी उघडत नाही, तसा २००२चा कायदाच आहे. आता गंमत ऐका. रेल्वे तपासणारे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नाहीत, ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली! कारण अगदी साधं आहे. गाडी चालवणाऱ्यानेच गाडी पास करायची, हे बरं नाही. म्हणून १९४१ सालीच रेल्वेच्या तपासनिसांना रेल्वे बोर्डापासून वेगळं काढलं. घरच्याच मास्तरने पेपर तपासला तर पोरगं पहिलंच येणार ना!

[नकाशा: ओटावा]

आणि पेपर सोपा केला तर काय होतं, त्यासाठी जरा लांब जाऊ. कॅनडाची राजधानी ओटावा. तिथली कॉन्फेडरेशन लाईन ही लाइट रेल आहे. म्हणजे ट्रामच्या कुळातली, हलक्या डब्यांची, आत शिरायला पायरी चढावी न लागणारी गाडी. लांबी साडेबारा किलोमीटर, स्टेशनं १३. मे २०१८मध्ये ती शहराच्या ताब्यात मिळायची होती. त्याआधी जून २०१६मध्ये बोगद्याचं काम चालू असलेल्या भागात भर शहरातला रस्ता खचला आणि तिथे उभी असलेली व्हॅन खड्ड्यात गेली. तारखा पुढे पुढे जात राहिल्या. लोक वैतागले, नगरसेवक वैतागले.

२०१९च्या जुलैअखेरीस शेवटची परीक्षा सुरू झाली. १२ दिवस रिकाम्या गाड्या अगदी वेळापत्रकाप्रमाणे चालवायच्या आणि ठरलेल्यातलं ९८ टक्के धावून दाखवायचं. सुरुवातीचे दिवस काही बरे गेले नाहीत. मग परीक्षा चालू असतानाच निकष बदलले. ९८चे ९६ टक्के झाले, आणि १२ दिवसांतले सगळ्यात चांगले ९ दिवस धरायचे ठरले. आपल्याकडे दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं ना, तसं. फरक इतकाच की आपल्या पोरांना ते आधीपासून माहीत असतं. इथे पेपर लिहिता लिहिता ठरलं, आणि नगरसेवकांना ते सांगितलंच नाही.

१४ सप्टेंबर २०१९ला लाईन सुरू झाली. तीन आठवडे जुन्या बसही जोडीला होत्या. ६ ऑक्टोबरला त्या बंद केल्या, सगळी गर्दी गाडीवर आली आणि त्याच आठवड्यात गाडी अडली. कशावरून? दारावरून! कुणी बंद होणारं दार धरलं, दार रुसलं, दार रुसलं म्हणून गाडी हलेना, गाडी हलेना म्हणून मागच्या सगळ्या उभ्या. आता सांगा, १२ दिवसांच्या परीक्षेत हे कसं सापडणार? रिकाम्या गाडीचं दार धरायला असतं कोण? आणि वाळूचं पोतं काही मित्रासाठी दारात पाय घालत नाही.

पुढे हिवाळ्यात चाकं बिघडली, रूळ बदलणारे सांधे बर्फात अडले, वरची तार तुटली. २०२१मध्ये ऑगस्टला एकदा आणि सप्टेंबरला पुन्हा गाडी रुळावरून घसरली. दुसऱ्या वेळी लाईन पन्नासहून जास्त दिवस बंद होती. आता घसरण्याची कारणं वेगळी होती, एकदा चाकाच्या आसात बिघाड आणि एकदा न आवळलेले बोल्ट, तेव्हा सगळंच त्या १२ दिवसांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण २०२२च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती विल्यम हौरिगन यांच्या चौकशी आयोगाने अहवाल दिला आणि निकष बदलल्याचं नगरसेवकांपासून लपवलं, यावर कडक ताशेरे मारले.

म्हणून म्हणते, कुणी 'अजून तपासणी चालू आहे' म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. कसली तपासणी, एवढं जरूर विचारा. उत्तर आरडीएसओ, ब्रेक, सिग्नल, सुरक्षा आयुक्त असं आलं, तर घरी जाऊन चहा प्या. उत्तर 'मान्यवरांची वेळ' असं आलं, तर मात्र बोला.

[पुन्हा बाल्कनी]

आमच्याकडे दोन्ही झालं. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. पायाभरणी १ मे २०११ची. चीनहून आलेल्या तीन डब्यांच्या गाड्या. २०२१मध्ये पेंधर ते सेंट्रल पार्क या अर्ध्या भागात चाचण्या, २०२२ सरता सरता उरलेल्या भागात. २०२३च्या जूनमध्ये सुरक्षा आयुक्तांचा हिरवा कंदीलही मिळाला. म्हणजे पेपर तपासून झाला, निकाल लागला, पोरगं पास. आणि तरी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर गाडी बंद! उद्घाटनाच्या तारखा कानावर यायच्या आणि विरायच्या. गाडी मात्र बाल्कनीसमोरून जातच होती, दिवे लावून. या दिवसांत मात्र मला काकूंचं पटायला लागलं.

शेवटी नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ही मेट्रो बांधणाऱ्या सिडकोला सांगितलं की उद्घाटनाची वाट न बघता सुरू करा. १७ नोव्हेंबर २०२३, दुपारी तीन वाजता, ना मंडप ना फीत, लाईन सुरू. साडेबारा वर्षं थांबलेली गोष्ट अशी मधल्याच दुपारी सुरू झाली, हे मला फार आवडलं. पूर्ण पल्ल्याचं तिकीट तेव्हा ४० रुपये होतं. पुढच्या वर्षी ते ३० केलं.

मी त्याच संध्याकाळी गेले, काकूंना घेऊन. पेठपाड्याला चढलो. काकूंनी आधी सीटवर हात फिरवून बघितला, मग बसल्या, मग लगेच उठून खिडकीशी गेल्या, कारण त्यांना आमची बिल्डिंग वरून बघायची होती. दिसली. त्यांचीच साडी वाळत होती.

सेंट्रल पार्कला दार बंद व्हायला लागलं आणि एका काकांनी लोकलच्या सवयीने मधे सॅक घातली. मागून मित्र येत होता, जिन्यावर. दार सॅकला लागलं आणि उघडलं. पुन्हा बंद व्हायला लागलं, पुन्हा सॅक. डब्यातलं कुणी काही बोलेना, सगळे दाराकडे बघत होते. मित्र धापा टाकत आत आला, काकांनी सॅक काढली आणि दार बंद झालं. गाडी निघाली.